पोराला ठेवायचं कुठे? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात कोयते घेऊन रील बनवणाऱ्या पोरांबद्दल थोडं लिहिलं होतं, त्यावर नाशिकमधून इतके मेसेज आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. पोलिस, कोर्ट, वकील याबद्दल जवळपास सगळ्यांनी विचारलंय, पण मुलगा आज रात्री कुठे झोपणार आणि तिथं त्याच्यासोबत कोण असणार हे फार थोड्यांनी विचारलं. माझ्या मते सुरुवात तिथूनच करायला हवी, कारण ज्याला रात्रीची झोपच सुरक्षित नाही त्याच्या डोक्यात तुमचा कुठलाच सल्ला शिरत नाही. नावं आणि गल्ल्या काढून टाकल्यात. मार खाणारा असो, मारणारा असो की नुसता साक्षीदार, १८ खालच्या मुलाची ओळख छापणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे गुन्हा आहे.

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही सिडकोत राहतो. माझा मुलगा १६ वर्षांचा, अकरावीला आहे. काही दिवसांपूर्वी चौकात चार-पाच पोरांनी त्याच्यावर चॉपरने वार केले, कारण काय तर म्हणे इन्स्टावर कुणाच्या तरी स्टेटसला हसणारा इमोजी टाकला. हाताला पाठीला टाके पडले, सिव्हिलला होता, आता घरी आणलाय. त्यातली दोन पोरं सुटली पण, आणि संध्याकाळी मुद्दाम घरासमोरून हॉर्न वाजवत जातात. हा कॉलेजला जात नाही, रात्रभर जागा असतो, आणि मित्राला फोनवर म्हणत होता की एकेकाला बघतो. मिस्टर म्हणतात सिन्नरला माझ्या भावाकडे पाठवून देऊ. हा म्हणतो मी काय पळून जाऊ का? मी काय करू?
– एक आई, सिडको

उत्तर: ताई, तुमचा मेसेज वाचून आधी हेच सांगावंसं वाटतं की मिस्टरांचं चुकत नाहीये. काही महिने दुसरीकडे ठेवणं बरोबर आहे. पण ते कसं करता यावर सगळं अवलंबून आहे. बॅग भरून, रात्रीतून गाडीत बसवून पाठवलं तर त्याच्या डोक्यात एकच राहणार, मार मी खाल्ला आणि घराबाहेर पण मलाच काढलं. अशी मुलं आठ दिवसांत एसटी धरून परत येतात, आणि येतात ती जास्त चिडून येतात.

म्हणून आधी त्याच्याशी बसून बोला, मिस्टर आणि तुम्ही दोघं, आणि त्याला विचारा तुला कुठे झोप लागेल असं वाटतं? कदाचित तो मामाचं नाव घेईल, कदाचित आत्याचं, कदाचित एखाद्या मित्राच्या आईचं. त्याने निवडलेली जागा जास्त टिकते. मग त्या घरी स्वतः जाऊन बघा. त्याला झोपायला स्वतःचा कोपरा आहे का, दिवसा घरात कोण असतं, मामा शेतात गेला की दहा ते पाच हा काय करणार? सिन्नर तसं जवळ आहे, बाइकवर तासाभरात कुणीही पोचतं, तेव्हा मामाचं गाव त्या पोरांना माहीत आहे का हेही विचारा, आणि मुलाला समजावून सांगा की तिथून लोकेशन, स्टोरी काही टाकायचं नाही. किती दिवसांसाठी जातोय ते आधीच ठरवा. दिवाळीपर्यंत म्हणालात तर दिवाळीला त्याला खरंच आणा, पुढचं पुन्हा त्याच्यासमोरच ठरवा. आणि दर रविवारी तुमच्यापैकी एकाने जायचंच, कितीही काम असलं तरी.

कॉलेजमधून नाव काढू नका. प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, सोबत सिव्हिलचे कागद जोडा, हजेरीचं काय करता येतं ते विचारा. अगदीच नाही जमलं तर बारावीसाठी १७ नंबरचा फॉर्म (कॉलेजला न जाता बाहेरून परीक्षा) आहेच, पण तो शेवटचा पर्याय ठेवा, कारण कॉलेज हे त्याचं अजून एक ठिकाण आहे जिथे तो फक्त मार खाल्लेला मुलगा नाहीये.

आता त्या हॉर्नचं. ती पोरं सुटली कशी, असं तुम्हाला वाटत असेल. ती १८ खालची असतील तर अशा मुलाला बाल न्याय मंडळाने (अल्पवयीन मुलांच्या केसेस चालतात ते कोर्ट) शक्यतो जामीन द्यायचा असंच कायदा सांगतो. सोडल्यावर तो पुन्हा गुन्हेगारांच्या संगतीत जाईल किंवा त्याच्याच जिवाला धोका होईल असं दिसलं, किंवा त्याला सोडणं न्यायाच्या आड येईल असं वाटलं, तरच जामीन नाकारतात. म्हणजे सुटणं हा कुणाचा वशिला असेलच असं नाही. पण सुटून आल्यावर धमकावणं ही वेगळी गोष्ट आहे आणि ती कागदावर यायला हवी. तारीख, वेळ, गाडीचा नंबर लिहून पोलिस ठाण्यात अर्ज द्या, दोन प्रती न्या आणि एका प्रतीवर शिक्का मारून पोच घ्याच, नुसतं तोंडी सांगून येऊ नका. इन्स्टाच्या धमक्यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, ते स्टेटस चोवीस तासांत उडतं. त्या क्षणी भीती वाटली तर पोलिसांचा मदतीचा नंबर ११२. तुमचा मुलगा केसमधला साक्षीदारही आहे, आणि साक्षीदार संरक्षण योजना २०१८ पासून देशभर लागू आहे, त्यात जिल्हा न्यायाधीशांची समिती पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागवून संरक्षण ठरवते. हा अर्ज कसा करायचा ते सीबीएसजवळच्या (नाशिकचं मध्यवर्ती बसस्थानक) जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारा. मुलांना आणि बायकांना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही, हेल्पलाइन १५१००. जखमेची नुकसानभरपाई मिळण्याचा अर्जही तिथेच होतो, त्यासाठी सिव्हिलचे एमएलसीचे (पोलिस केसमधल्या जखमेच्या नोंदीचे) कागद, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं एका फाइलमध्ये ठेवा.

नातेवाइकांत कुणीच ठेवायला तयार नसेल तर बाल कल्याण समितीकडे, म्हणजे आधाराची गरज असलेल्या मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीकडे, जाता येतं. समिती एखाद्या ओळखीच्या माणसाला योग्य व्यक्ती म्हणून मान्यता देऊन मुलाला तात्पुरतं त्याच्याकडे सोपवू शकते, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर मुलगा तिथे का आहे याचा कागद असतो. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन केला तरी ते समितीपर्यंत पोचवतात.

शेवटी, ते ‘एकेकाला बघतो’. ताई, त्याच्या झोपण्याकडे जरा नीट बघा. अशी बरीच मुलं मी बघितलीत, पायात चप्पल तशीच ठेवून झोपतात, अंथरूण दारापासून लांबच्या भिंतीला सरकवतात, तोंड मात्र दाराकडे, आणि लांब कुठे बुलेटचा आवाज आला की उठून बसतात. विचारलं तर म्हणतात गरम होतंय. ही भीती आहे आणि ती त्याला कुणाला सांगता येत नाहीये म्हणून ती बदल्याच्या भाषेत बाहेर पडते. इथेच खरा धोका असतो, कारण घाबरलेला मुलगा ‘फक्त स्वतःसाठी’ म्हणून दप्तरात चाकू ठेवायला लागतो आणि पुढच्या भांडणात तोच आरोपी होतो. त्याला लेक्चर देऊ नका, मोबाईल हिसकावू नका. टाके काढायला सिव्हिलला जाल तेव्हा तिथल्या मानसोपचार विभागातही दाखवून या, एकाच फेरीत होईल, तो वेगळा जायला तयार होणार नाही. रात्री फारच अस्वस्थ झाला तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात चाकूमारी खूप वाढली होती, तिथे २००५ मध्ये पोलिसांनी त्यासाठी वेगळं युनिट काढलं आणि ती साथीच्या आजारासारखी हाताळायची ठरवली. पुढे तिथल्या मोठ्या दवाखान्याच्या इमर्जन्सी वॉर्डात अशी माणसं ठेवली जी जखमी पोराच्या खाटेशेजारी बसून विचारतात की इथून सुटल्यावर तू जाणार कुठे? आपल्याकडे खाटेशेजारी तसं कुणी येत नाही, म्हणून तो प्रश्न तुम्हालाच त्याला विचारावा लागणार आहे.

प्रश्न: आमचं जेलरोडला घर आहे, वरचा मजला भाड्याने दिलाय. भाडेकरूच्या १७ वर्षांच्या मुलाचं नाव हाफ मर्डरमध्ये आलं, तो आता सुटून घरी आलाय. कुटुंब चांगलं आहे, भाडं कधी थकलं नाही. पण शेजारी मागे लागलेत की खोली रिकामी करून घ्या, एकाने तर त्याचा फोटोच कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. माझ्या घरात नातवंडं आहेत. मी काय करावं?
– एक घरमालक, नाशिकरोड

उत्तर: काका, तुम्हाला काळजी वाटणं साहजिक आहे. पण माझं मत स्पष्ट सांगते, त्यांना काढू नका.

त्या कुटुंबाला आत्ता खोली सोडायला लावली तर काय होतं ते बघा. केसवाल्या मुलाला दुसरं कुणी खोली देत नाही, मग आईवडील एका नातेवाइकाकडे, लहान भावंड दुसरीकडे, आणि हा पोरगा ज्यांच्यामुळे अडकला त्यांच्याच रूमवर. त्या रूमला डिपॉझिट लागत नाही, आधार कार्ड लागत नाही. भाडं दुसऱ्याच पद्धतीने वसूल होतं. बाल न्याय मंडळाने त्याला आईवडिलांच्या ताब्यात सोडलंय, म्हणजे आईवडिलांचं घर टिकलं तरच त्या ऑर्डरला अर्थ आहे, आणि ते घर तुमच्या वरच्या मजल्यावर आहे. अजून काही सिद्ध झालेलं नाही हेही लक्षात ठेवा.

फोटोचं आधी करा. ग्रुप ॲडमिनला सांगून तो आजच डिलीट करायला लावा. कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, हे ग्रुपवर सभ्य भाषेत लिहा, बहुतेकांना माहीतच नसतं. कुणी म्हणालं पाणी तोडा, लाइट तोडा म्हणजे आपोआप जातील, तर ते करू नका. भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे मालकाला तसं करता येत नाही.

नातवंडांसाठी जे हवं ते मुलाच्या वडिलांना बसवून बोला. रात्री अमुक वाजेनंतर बाहेरची पोरं जिन्यात, गच्चीवर थांबायची नाहीत, गाड्या गेटसमोर लावायच्या नाहीत, कुणी त्याला शोधत आलं तर आधी खाली तुम्हाला कळवायचं. ते ऐकतील, त्यांनाही हेच हवं असणार. त्याच्या केससाठी परिविक्षा अधिकारी नेमलेला असतो, तो घरी येऊन चौकशी करून मंडळाला अहवाल देतो. तो आला की काका, तुम्ही स्वतः त्याच्याशी बोला. भाडं वेळेवर देतात, मुलगा घरी असतो, जे खरं असेल ते सांगा. घरमालकाच्या बोलण्याला तिथे वजन असतं. आणि त्या मुलाला जिन्यात भेटलात तर नावाने हाक मारा, सध्या त्याच्याकडे बघून सगळी कॉलनी मान फिरवत असणार.

प्रश्न: ताई मी १८ पूर्ण झालो. एका केसमुळे संस्थेत होतो आता बाहेर आलोय. वडील नाहीत, आईने दुसरं लग्न केलंय, तिच्या घरी मला जागा नाही. दहावी नापास आहे. सध्या मित्राच्या रूमवर अंबडला राहतो, तो भाडं घेत नाही पण रात्री अपरात्री उठवून म्हणतो चल जरा गाडी काढ. मला त्यात नाही पडायचं. पण जाऊ कुठे?
– एक तरुण, अंबड

उत्तर: बाळा, तू हे लिहिलंस हेच मोठं आहे. तुला बरोबर कळलंय, ते ‘चल गाडी काढ’ हेच त्या रूमचं भाडं आहे. म्हणून तिथून निघायचंय, पण भांडून नको. काम लागलं, जवळ खोली घेतली, एवढंच सांग आणि नवीन पत्ता देऊ नको.

आता नीट वाच, कारण हे तुला संस्थेतून निघताना कुणी सांगितलं नसावं. बाल न्याय कायद्याच्या कलम ४६ मध्ये संस्थेतून १८ व्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी पुढची मदत आहे, त्याला अनुरक्षण म्हणतात. साधारण २१ वर्षांपर्यंत, काही खास परिस्थितीत २३ पर्यंत. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत २०२२ पासून त्यासाठी महिना ४००० रुपये ठरलेत. ते आपोआप येत नाहीत, जिल्हा बाल संरक्षण कक्षात, म्हणजे जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या ऑफिसात जाऊन अर्ज करावा लागतो. संस्थेतून निघाल्याचा कागद, आधार, बँक पासबुक आणि शाळेचा दाखला ने. यातलं काही नसेल तर रिकाम्या हाताने जा पण जा, कुठला कागद कसा काढायचा हे विचारणं हाच तुझा त्या दिवशीचा अर्ज समज. राहायची सोय कुठे आहे का, अनुरक्षणगृहात जागा आहे का हेही तिथेच विचार, आणि सोबत एखादा मोठा माणूस घेऊन जा, संस्थेतले कुणी सर असतील, कुणी शिक्षक, एकट्या पोराला खिडकीवर उद्या ये म्हणायला सोपं जातं.

सातपूर आणि अंबडला कामगारांच्या खोल्यांमध्ये कॉट बेसिसवर जागा मिळते, डबा लावता येतो. तशा खोलीत तुझ्यापेक्षा वयाने मोठी, शिफ्ट करून थकून झोपणारी माणसं असतील अशी बघ, तुझ्याच वयाच्या पोरांची नको. दहावी नापास असलास तरी सातपूरच्या आयटीआयमध्ये चौकशी कर, वेल्डरसारख्या काही ट्रेडला दहावी नापास मुलांना प्रवेश असतो आणि अंबड एमआयडीसीत वेल्डरला काम मिळतं. प्रवेश साधारण दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन होतात, तारीख चुकवू नको.

केसची भीती मनात असेल. बाल न्याय मंडळापुढे चाललेल्या केसमुळे तुला नोकरीला किंवा शिक्षणाला अपात्र ठरवता येत नाही, कलम २४ तेच सांगतं, आणि ते रेकॉर्ड ठराविक काळानंतर नष्ट करायचं असतं. अपवाद आहे तो मोठ्यांसारखा खटला चालून दोषी ठरलेल्या १६ वरच्या मुलांचा. तुझी केस कुठे चालली होती ते तुला माहीत असणार. खात्री नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाला ऑर्डर दाखव.

आईला महिन्यातून एकदा बाहेर कुठेतरी भेटत जा, तिच्या घरी जागा नसली तरी.

प्रश्न: माझ्या बहिणीचा मुलगा मारामारीच्या केसमध्ये आत आहे. समोरची पार्टी म्हणते तुमच्या पोरीला बघून घेऊ. भाची १६ ची आहे, दहावीला. घाबरून बहिणीने तिचं लग्न ठरवलंय, म्हणते एकदा सासरी गेली की सुटलो. मला पटत नाही पण काय बोलू?
– एक मावशी, निफाड तालुका

उत्तर: मावशी, बोलाच, आणि लवकर बोला. भांडण पोरांनी करायचं आणि शाळा पोरीची सुटायची, हे मी इतक्या घरात बघतेय की राग येतो. १८ च्या आत लग्न हा बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ खाली गुन्हा आहे, त्यात लावणारे, जमवणारे, हजर राहणारे सगळे अडकतात. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, अंगणवाडी ताईलाही सांगू शकता, नाहीतर १०९८.

पण नुसतं लग्न थांबवून बहिणीची भीती जात नाही, आणि ती भीती खरी आहे. तिला सांगा की पोरीला सासरऐवजी माझ्याकडे पाठव. तुमच्या घरी राहून जवळच्या शाळेत जाऊ दे, किंवा दहावीचं वर्ष असल्यामुळे शाळा न बदलता परीक्षेपुरती सोय बघा, कुणीतरी रोज सोडायला आणायला जाईल अशी. बाल कल्याण समितीपुढे जाऊन ती तुमच्याकडे राहतेय याची ऑर्डर करून घ्या. वडील नसतील किंवा घरात फारच अडचण असेल तर बालसंगोपन योजनेत महिना २२५० रुपये मिळू शकतात, अर्ज महिला व बालविकास ऑफिसातच. धमकीचा वेगळा अर्ज पोलिसांत द्या, भावाच्या केसशी त्याचा संबंध आहे हे त्यात लिहा. आणि भाचीला विचारा की तिला काय हवंय, तुमच्या मेसेजमध्ये तिचं म्हणणं कुठेच आलेलं नाही.

प्रश्न: पंचवटीत आमचं मंडळ आहे. पोरं बिघडू नयेत म्हणून व्यायामशाळा काढायचा विचार आहे. योग्य राहील का?
– एक कार्यकर्ता

उत्तर: दादा, व्यायामशाळा काढा, पण त्याआधी दोन गोष्टी. तलवारीने केक कापण्याचे वाढदिवस तुमच्या मंडपात बंद, आणि ज्या मोठ्यांच्या मागे ही पोरं पळतात त्यांचे बॅनर बंद. मुलांना टोळीच्या कामाला लावणाऱ्या मोठ्या माणसाला बाल न्याय कायद्यात ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाख दंड आहे, त्यांच्या फोटोखाली पोरं उभी करू नका.

आणि व्यायामशाळेपेक्षा जास्त गरज आहे ती अशा चार घरांची जी अडचणीतल्या मुलाला काही दिवस ठेवून घेतील. तुमच्या कार्यकर्त्यांत अशी घरं असणारच, जिथे आजी घरात असते, एखादी खोली रिकामी आहे, दारू नाही. त्यांची नावं काढा आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे द्या. मुलगा परस्पर कुणाकडे ठेवून घेऊ नका, उद्या त्याच्या घरचेच तक्रार करतील. घरी येऊन चौकशी होते, पोलिस पडताळणी होते, त्याला वेळ लागतो, म्हणून गणपतीची वाट न बघता अर्ज याच महिन्यात टाका.